दुपदरी साय

स्वयंपाकघरात वाटी पडली. पडली ती कडेवर उभी राहिली, गरगर फिरली, आवाज बारीक बारीक करत गेली आणि शेवटी फरशीवर बसली. तोवर घरात कुणी श्वास सोडला नाही.

"उठली गं तुझी पोरं," सासूबाई म्हणाल्या.

"मी नाही पाडली. तीच पडली," भिंगरी कुजबुजली.

"हो, वाटीला पाय फुटलेत. तुझ्यासारखे."

"आजी, हळू बोल ना. झोपलेत ते."

स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडे शेड होती. शेडमध्ये मांडण्या, मांडण्यांवर ओळीने उथळ ट्रे, प्रत्येक ट्रेवर पातळ फडकं आणि फडक्याच्या कडेने दोरा. आत अननसाच्या सालींचं उकळून गाळलेलं पाणी. त्या पाण्यावर साय धरत होती. दुधावर धरते तशी, पण दुधाची नव्हे. डोळ्यांना न दिसणारे जीव गोड पाण्यात बसतात आणि सूत काढतात, असं शेतकी कॉलेजच्या मॅडमनी सांगितलं होतं. त्यांना वारा लागतो म्हणून ते वरच बसतात, आणि सूत विणत विणत जाड होत जातात. पंधरवड्यात बोटाच्या पेराएवढी पांढरी, ओली, लवचिक साय तयार होते. सोड्यात उकळून धुतली की भाजलेल्या माणसाच्या अंगावर घालता येते. चिकटून बसते, ओल धरते, काढताना कातडी ओढत नाही.

हे सगळं करणारीला वस्तीत सायवाली म्हणत. आधी हसून म्हणत. मग सवयीने. आता नुसतं सायवालीचं घर विचारलं तरी पोरं बोट दाखवत.

सायवालीने वाटी उचलून जागेवर ठेवली आणि भिंतीला कान लावला. भिंतीपलीकडून काहीच ऐकू येत नाही हे तिला माहीत होतं. तरी लावला.

"काय म्हणतायत?" नवऱ्याने दारातून विचारलं. तो टेम्पोच्या खालून निघून आला होता, कोपरापर्यंत काळा.

"म्हणतायत, तुमचा हात धुवा आधी."

यंदा टेम्पोला काम नव्हतं. उन्हाने फळ पोसलंच नाही. उतारावरचे अननस मुठीएवढे राहिले आणि तसेच पिवळे पडले. दरवर्षी या दिवसांत तो पहाटेपासून मळ्यातून डबाबंद कारखान्यात फळं ओढायचा आणि परतीच्या फेरीला साली भरून आणायचा. कारखान्याला त्या नकोच असत. मागच्या खड्ड्यात टाकायचे, माश्या घोंगावायच्या, वारा फिरला की शाळेतली पोरं नाक धरायची. "न्या बाबा, तेवढाच वास कमी," असं गेटवाला म्हणायचा. यंदा तो निम्मा दिवस टेम्पोखाली पडून असे. दुरुस्त करायला काही उरलं नाही तर सुटं करून पुन्हा जोडत असे. आणि संध्याकाळी शेडच्या दाराशी उभं राहून बायकोचे हात चालताना बघत असे. आपल्या हाताला काम नसलेला माणूस बघतो तसा.

"तुला बरं आहे," एकदा म्हणाला. "तुझं काम झोपेत पण चालतं."

तिने हसून घेतलं. तिला वाटलं, थट्टाच आहे.

शेडचे कायदे भिंगरीला तोंडपाठ होते. पाय धुतल्याशिवाय आत यायचं नाही. आईला विचारल्याशिवाय कुणाला आत घ्यायचं नाही. मांडणीला टेकायचं नाही. आत गेल्यावर मांजरासारखं चालायचं. हा शेवटचा कायदा तिच्यामुळेच झाला होता. मागच्या वर्षी ती उड्या मारत आत शिरली आणि मांडणीवर आदळली. एका ट्रेमधलं पाणी डचमळून सायीच्या वर आलं. ट्रे तर सांडला नाही, काही बिघडलंही नाही, असं दिसलं. पण बऱ्याच दिवसांनी सायवालीने ती साय उचलली तर ती वहीच्या पानांसारखी सुटली. एक साय खाली, एक वर.

"ही बघ," तिने लेकीला जवळ घेऊन दाखवलं होतं. "ही तू यायच्या आधीची. ही तू आल्यानंतरची. हलवलं की आधीची बुडते. मग ते जीव नव्याने वरती विणायला बसतात."

"मग चिकटव ना."

"चिकटत नाही. दुपदरीच राहते."

तेव्हापासून भिंगरी शेडच्या दाराशी पाट टाकून बसे आणि आल्यागेल्याचे पाय तपासे. सासूबाईंनाही सोडत नसे. "टाच राहिली, आजी." सासूबाई पुटपुटत परत नळावर जात. "माझ्या सासूने इतकं छळलं नाही मला."

शेडच्या आतल्या कोपऱ्यात, खिडकीपासून लांब, एक रुंद तोंडाची काचेची बरणी होती. विरजणाची. नवा ट्रे लावताना तिच्यातलं थोडं आंबट पाणी घालायचं, आणि घातलं तेवढं गोड पाणी बरणीत परत ओतायचं. बरणीवरची साय कधी काढलीच नव्हती. तळहाताएवढी जाड झाली होती, थरावर थर, खालून चहासारखी तपकिरी. भिंगरी तिला म्हातारी म्हणे. "आई, म्हातारीला खायला दिलंस?" ओरडली की सासूबाई आतून ओ देत, "मला विचारतेस की बरणीला?"

ही बरणी घेऊन सायवाली कॉलेजच्या शिबिरातून आली तेव्हा भिंगरी पोटात होती. एस.टी.त उभं राहायला जागा नव्हती. एका म्हाताऱ्याने उठून जागा दिली. मांडीवर बरणी आणि बरणीमागे पोट. खड्डा आला की ती दोन्हींना एकदमच हात लावायची. त्यानंतर दोघी तिच्याच हाताने वाढल्या. एकीला पाजता पाजता ती दुसरीचं पाणी गार झालं का ते मनगटावर थेंब टाकून बघायची.

आणि आता, इतक्या वर्षांनी, शहरातल्या पट्टीवाल्या बाई स्वतः येऊन गेल्या होत्या. इस्पितळांना पट्ट्या पुरवायचं त्यांचं काम. शेडमध्ये शिरायच्या आधी भिंगरीने त्यांचे पाय धुवायला लावले, तर त्या हसल्या आणि मुकाट्याने धुऊन आल्या. सगळं पाहिलं. मग म्हणाल्या, "या खेपेची साय एकसारखी निघाली ना, की वर्षभराचं काम तुझं. मग बाकीच्या बायकांनाही लावून घे हाताशी. फक्त एकसारखी हवी मला. जखमेवर सरकली तर माणूस ओरडतो गं."

"एकसारखीच निघेल," सायवाली म्हणाली होती.

त्याच खेपेचे ट्रे आता मांडणीवर होते. म्हणून वाटी पडली की घर थांबत होतं.

मधेच माहेराहून निरोप आला. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलंय, आणि सोबतीला कुणी नाही. सायवालीचा पाय निघेना. ती ट्रेकडे बघे, मग पिशवीकडे.

"जा गं," सासूबाई म्हणाल्या. "आई एकच असते. आम्ही काय मेलोय का इथे?"

"करायचं काही नाही, आई. फक्त हात लावायचा नाही. दार उघडायचं नाही. बस."

"म्हणजे काहीच न करण्याचं काम," नवरा म्हणाला. "ते यंदा मला चांगलं जमतं."

जाताना तिने प्रत्येक फडक्याचा दोरा पुन्हा तपासला. ती सुरगाठ मारायची, टोक नेहमी भिंतीकडे. एका हाताने ओढली की सुटावी, दुसऱ्या हातात ट्रे असला तरी. नवऱ्याने तिला आणि भिंगरीला टेम्पोने फाट्यापर्यंत सोडलं. पिशवी एस.टी.त चढवून दिली, भिंगरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "काळजी करू नको. डोळ्यात तेल घालून बघतो."

त्याचा चेहरा तेव्हा कसा होता ते तिने नंतर पुष्कळदा आठवून पाहिलं. रोजच्यासारखाच होता.

*

परतली त्या दिवशी तिने चहाही घेतला नाही. पाय धुतले, भिंगरीने तपासले, आणि दोघी मांजरपावलांनी आत गेल्या. आंबट वास नाकात शिरला आणि तिला घरी आल्यासारखं वाटलं.

पहिल्याच ट्रेचा दोरा ओढला. सुटला नाही. तिने वाकून पाहिलं. साधी गाठ होती, नीट आवळलेली, टोक खोलीकडे.

तिने ती नखाने सोडवली. फडकं बाजूला केलं. साय होती. पांढरी, ताठ, कडेपर्यंत भरलेली. जीव भांड्यात पडला. मग दोन्ही हात खाली घालून तिने ती उचलली, आणि अर्धी तिच्या हातात राहिली, अर्धी पाण्यात.

दुसरा ट्रे. तिसरा. सगळ्या मांडण्या. कुठेही उचला, साय मधोमध सुटत होती. ना जास्त खाली, ना जास्त वर, सगळीकडे एकाच जागी.

"आई, मी नव्हते," भिंगरी म्हणाली. "मी तर आजीकडे होते. त्या आजीकडे."

"हो गं बाळा. तू नव्हतीस."

ती कोपऱ्यातल्या बरणीकडे गेली. पाणी काठोकाठ होतं, ती ठेवून गेली तेवढंच. झाकणाचं फडकं स्वच्छ धुतलेलं. वर साय होती, पण कागदासारखी. इतकी कोवळी की पलीकडची भिंत दिसत होती. तिने बरणीला बोट लावलं तर ती साय थरथरली.

"म्हातारी कुठे गेली?" भिंगरीने विचारलं.

नवरा जेवत होता. तिने दारात उभं राहून विचारलं, "शेडमध्ये कोण गेलं होतं?"

"कोण जाणार?" त्याने घास घेतला. "का?"

"सगळ्या सायी दुपदरी निघाल्यात."

"उंदीर असेल."

"सगळ्या ट्रेत?"

"नाहीतर मालट्रक जातात ना हल्ली रस्त्याने. जमीन हादरते. मागे नाही का, आपला आरसा पडला?"

सासूबाई वाढायला वाकल्या होत्या. त्यांनी वर पाहिलंच नाही. आमटी वाढतच राहिल्या, ताट भरून वाहायला आलं तरी. "अगं आई, पुरे," नवरा म्हणाला आणि त्यांचा हात धरला.

उंदीर गाठ मारत नाही, हे सायवालीच्या ओठांवर आलं होतं. पण भिंगरी तिच्या पदराला धरून उभी होती आणि एकदा आईकडे, एकदा बाबाकडे बघत होती. ती वळली आणि सायी धुवायला गेली. धुवायच्या तर होत्याच. सोड्याच्या गरम पाण्यात हात घातल्यावर अननसाच्या काट्यांचे जुने ओरखडे चुरचुरले. बरं वाटलं. निदान काहीतरी चुरचुरत होतं.

पट्टीवाल्या बाई आल्या. पहिली साय हातात घेतली, अंगठ्याने दाबली. वरचा पदर सरकला. दुसरी घेतली. तिसरी घेतलीच नाही.

"काय झालं गं हे?"

"हलले ट्रे," सायवाली म्हणाली.

"तुझ्याकडे?"

बाई काही वाईट बोलल्या नाहीत. हात पुसले, भिंगरीच्या गालाला हात लावला, आणि जाताना म्हणाल्या, "बघू पुढच्या वेळी. मला आता दुसरीकडूनही विचारणा आहे. जवळूनच आहे." मग गाडीत बसताना थोड्या थांबल्या. "तुला माहीत असेलच की."

तिला माहीत नव्हतं. तिने मान डोलावली.

*

साली संपल्या तेव्हा नवरा म्हणाला, टेम्पोचं चाक काढलंय, आज जमणार नाही. उद्याही नाही. परवा म्हणाला, कारखान्यातच माल नाही. तेव्हा ती हातगाडी घेऊन स्वतःच निघाली. भिंगरी गाडीत बसली, पाय बाहेर सोडून. ऊन डोक्यावर आलं होतं. चढावर ती थांबून श्वास घ्यायची तेव्हा भिंगरी उतरून मागून ढकलायची. तेवढ्याने गाडी जड व्हायची, कारण लेकीला सांभाळायला एक हात मागे जायचा.

कारखान्याच्या गेटशी फळं सोलणाऱ्या बायका जेवणाच्या सुट्टीत सावलीला बसल्या होत्या. तिला पाहून गेटवाला खुर्चीतून उठला. एरवी उठत नसे.

"वहिनी, तुम्ही कशाला आलात एवढ्या उन्हात?"

"साली हव्यात."

"साली?" त्याने बायकांकडे पाहिलं. "आता बाहेर जात नाहीत साली. आतच लागतात. नवीन खात्याला."

"कुठल्या नवीन खात्याला?"

"थट्टा करताय होय." तो हसला. मग हसू तसंच तोंडावर अडकलं. "तुमच्या मालकांनी सांगितलं नाही तुम्हाला? कायम झाले ना ते. युनिफॉर्मचं मापसुद्धा घेतलं परवा. आम्ही तर पार्टी मागतोय. सगळे आता त्यांना सायवाले साहेब म्हणतात."

सावलीतली एक बाई डबा बंद करता करता थांबली. दुसरीने तिला कोपराने ढोसलं.

सायवालीने गाडीची मूठ घट्ट धरली. गेटच्या आत, लांब पत्र्याच्या इमारतीला जाळीची खिडकी होती. वारा तिकडून येत होता. त्यात उकळत्या सालीचा गोडसर वास होता आणि त्याच्या खाली तो दुसरा, आंबट, ओला. हा वास तिच्या केसांना यायचा. भिंगरीच्या दुपट्याला यायचा. जन्मल्यापासून.

भिंगरीने नाक वर केलं. "आई," ती मोठ्याने म्हणाली, "म्हातारी इथे आहे!"

बायकांमधली कुणी हसली नाही. गेटवाल्याने मात्र घसा खाकरून विचारलं, "पाणी घेता का, वहिनी?"

"नको," ती म्हणाली. आणि रिकामी गाडी वळवली. उतारावर ती गाडी तिला ओढत नेत होती, आणि ती मागे रेटत, टाचा रोवत, कशीबशी तिला धरून होती.

*

घरी आली तेव्हा तो अंगणात टेम्पोच्या चाकाशी बसला होता. चाक जागेवर होतं. तो नट घट्ट करत होता, ते आधीच घट्ट होते.

तिने गाडी भिंतीला लावली. भिंगरीला पाणी दिलं. पाटावर बसवलं. मग म्हणाली, "युनिफॉर्म कुठल्या रंगाचा आहे?"

पान्हा थांबला.

"कुणी सांगितलं?"

"गेटवाल्याने. पार्टी मागत होता."

"मी सांगणारच होतो तुला."

"उंदराच्या आधी की नंतर?"

तो उठला. उठून करायचं काय ते कळेना म्हणून पुन्हा खाली बसला. "हे बघ. त्यांना ते खातं काढायचंच होतं. इथून नाही तर कुठूनतरी आणलं असतं त्यांनी विरजण. मग आपल्याला काय राहिलं असतं? साली पण बंद, टेम्पो पण बंद. निदान एकाचं तरी कायमचं झालं. कुणासाठी केलं मी? माझ्यासाठी?"

"ट्रे का हलवले?"

"कारखान्याच्या साहेबांना बघायचं होतं कसं धरतं ते. आत अंधार, म्हणून ओसरीवर उजेडात आणले. परत जसेच्या तसे ठेवले. अगदी हळू. मी स्वतः ठेवले."

"पाय धुतले होते का त्यांनी?" भिंगरीने पाटावरून विचारलं.

तो लेकीकडे बघत राहिला.

"बुटांसकट आले," सायवाली म्हणाली. तो प्रश्न नव्हता.

"अगं, मी काय चोरी केली? घरातलीच वस्तू. आणि सगळं नेलं का? बरणी ठेवली ना तुझ्यासाठी? उद्या वाढेल ती परत."

"बरणीत पाणी कुणी ओतलं?"

त्याने मान खाली घातली. पण त्याआधी त्याची नजर स्वयंपाकघराच्या दाराकडे गेली होती, क्षणभरच. तिथे सासूबाई उभ्या होत्या, हातात सूप.

"मी ओतलं," त्या म्हणाल्या. "कच्चं नाही घातलं गं. उकळलं, गाळलं, साखर घातली. गार झालं का ते मनगटावर बघितलं. तू करतेस तसंच. इतकी वर्षं रोज बघतेय ना मी तुला."

इतका वेळ सायवाली उभी होती. आता टेम्पोच्या पायरीवर बसली.

सासूबाईंचा आवाज बारीक झाला. "तो दिवसभर त्या टेम्पोखाली पडलेला असायचा. तुला नाही दिसायचं, तू आत असायचीस. मला दिसायचं. पोर आहे माझं."

"मला विचारायचं तरी, आई."

"तुला विचारलं असतं," नवरा मधेच म्हणाला, "तर दिली असतीस?"

"नाही."

"मग?"

"मग 'नाही' ऐकायचं होतं."

सासूबाईंनी सूप उगाच पाखडलं. त्यात काही नव्हतं.

"फाट्यावर पिशवी चढवून दिलीत माझी," ती म्हणाली. आवाज चढला नाही. "तेव्हा ठरलेलं होतं?"

तो पान्ह्यावरचं ग्रीस अंगठ्याने पुसत राहिला. हेच त्याचं उत्तर होतं.

*

त्याचा पहिला दिवस उजाडला. युनिफॉर्म निळा होता. कॉलरला अजून कारखान्याची पिन टोचलेली. त्याने ती काढून घ्यायला तिच्यापुढे मान वाकवली, नेहमी काटा-कुसळ काढायला वाकवायचा तशी. ती भिंतीशी टोपली बांधत होती. तिने पाहिलं आणि टोपलीला गाठ मारली. पिन सासूबाईंनी काढली.

तो गेल्यावर ती भिंगरीला घेऊन उतारावरच्या मळ्यात गेली. तोडणी संपलेल्या वाफ्यांत करपलेली, कारखान्याने नाकारलेली, पाखरांनी टोचलेली फळं पडलेली असतात. मळेवाल्याने हात हलवून सांगितलं, घे काय ते. दोन वाफ्यांमधून चालताना काटेरी पाती पोटऱ्यांना ओरबाडत होती. वाकायचं, फळ हाताने फिरवून बघायचं, माश्या उडवायच्या, आतून अगदीच काळं नसलं तर टोपलीत टाकायचं. भिंगरी प्रत्येक फळ नाकाशी धरून निकाल द्यायची. "हे आजारी आहे. हे बरं आहे. हे मेलंय."

टोपली भरून भरून एकच ट्रे लागण्यापुरतं पाणी निघालं. बरणीतलं विरजण तिने चमच्याने मोजावं तसं घेतलं. सगळं घालायची हिंमत नव्हती. कोवळ्या सायीला जास्त ओरबाडलं तर तीही जायची. रिकाम्या मांडण्यांमध्ये तो एकच ट्रे मधोमध ठेवला. फडकं बांधलं. सुरगाठ, टोक भिंतीकडे.

काही दिवसांनी त्या पाण्यावर तेलकट तकाकी आली. मग धुकं आल्यासारखं पांढुरकं झालं. भिंगरी पाटावर उभी राहून फडक्यातून डोकावायची. "विणायला बसले?"

"बसले."

"त्यांना खायला आहे?"

"आहे. आत्तापुरतं."

पुढचं तिने सांगितलं नाही. मळ्यात आता पडलेलं फळही राहिलं नव्हतं. नांगर फिरला होता. ही साय उचलायची झाली की दुसरा ट्रे कशावर लावायचा, आणि बरणीत काय ओतायचं? गोड काही मिळालं नाही तर बरणी आंबून आंबून तशीच मरते. त्या दिवसांत घरात ती आणि तो एकमेकांशी ताटापुरतं, कपड्यांपुरतं बोलत. सासूबाई दोघांच्याही वाटचं भिंगरीशी बोलून घेत. शेडच्या दाराशी येत, पाय धुऊन, आणि आत न येता तशाच परत जात.

त्या संध्याकाळी सायवाली रिकामे ट्रे घासत होती. रोज घासायची, वापरात नव्हते तरी. बाहेर पावलं वाजली. जड, एका बाजूला झुकलेली. मग काहीतरी ओलं आणि वजनदार जमिनीवर टेकवल्याचा आवाज आला, आणि त्याच्या मागोमाग वास. ताज्या सालींचा. सकाळच्याच सोललेल्या.

"थांबा!" भिंगरीने पाटावरून हुकूम सोडला. "कोण आहे?"

"मी आहे," तो म्हणाला. "तिला सांग, साली आणल्यात. मागच्या दाराने काढल्या. कुणाला कळलं तर..." तो थांबला. "तेवढं नको सांगू. साली आणल्यात म्हण."

दाराच्या फटीतून सायवालीला त्याचा निळा खांदा दिसला. पोत्याच्या पाण्याने कॉलरपासून बाहीपर्यंत काळा झाला होता. पोतं मोठं होतं. दोन मांडण्या लागतील एवढं.

त्याने बूट काढले. नळ सोडला. पाणी बराच वेळ वाजत राहिलं. एक पाय, मग दुसरा. भिंगरी खाली वाकून बघत होती, आणि तो तिच्यासमोर तळवे एकेक करून वर करून दाखवत होता, भिंतीला हात टेकून, तोल सांभाळत.

सायवालीच्या हातातून घासणी गळली नाही. ती तशीच धरून राहिली. मांडणीवरचा ट्रे अगदी स्थिर होता.

भिंगरीने दार बोटभर उघडलं आणि मान आत घातली. आवाज कायद्याप्रमाणे कुजबुजता.

"आई, बाबांनी पाय धुतलेत. टाचासुद्धा, मी बघितलं. आत घेऊ?"